खुराखालची पिवळी साय

मेलेल्या कोकराला डॉक्टरांनी माझ्यासमोर उघडलं, तेव्हा मला या घरात येऊन दुसरंच वर्ष चालू होतं. ते आले होते लसी टोचायला. गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवलेलं कोकरू त्यांना दिसलं आणि त्यांनी विचारलं, "कधी गेलं?" मी म्हटलं, "रात्री झालं, पहाटे बघितलं तर गेलेलं." मग ते म्हणाले, "कशानं गेलं ते बघायचंय का?" आत्याबाई, माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी थांबले.

त्यांनी आधी पोट फाडलंच नाही. पुढचा पाय उलटा केला आणि खूर माझ्याकडं धरला. नवजात कोकराच्या खुराखाली एक मऊ, पिवळसर, रबरासारखी गादी असते, घट्ट साय धरावी तशी. आईच्या पोटात लाथा मारताना गर्भपिशवी फाटू नये म्हणून असते ती. कोकरू उभं राहून चालायला लागलं की झिजून जाते. या कोकराच्या चारही खुरांखाली ती जशीच्या तशी होती, कुठं ओरखडासुद्धा नाही.

"हे उभंच राहिलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मग फुप्फुसाचा एक तुकडा कापून त्यांनी पाण्याच्या वाटीत टाकला. तो तरंगला. म्हणजे श्वास घेतला होता, जिवंत जन्मलं होतं. पोटात दुधाचा थेंब नव्हता. गळ्याभोवतीची कातडी सोडवली तर खाली पिवळी, जेलीसारखी सूज. जीभ जांभळी. आणि मूत्रपिंडाभोवती फिकट तपकिरी चरबीचा गोळा तसाच शिल्लक. ही चरबी कोकराला जन्माच्या वेळी देवानं दिलेली शिदोरी असते, ती जाळून ते पहिले काही तास अंग गरम ठेवतं. डॉक्टरांनी तो गोळा सुरीच्या टोकानं दाखवला आणि म्हणाले, "सरपण होतं, पण पेटलंच नाही. पेटवायला हवा लागते. आणि याची हवा तुम्ही काढायच्या आधीच संपली होती."

ते वाक्य मी चार वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे.

आदल्या रात्री काय झालं होतं ते सांगते. काळमुखी ही आमची मेंढी पहिलारू होती, पोटात एकच आणि मोठं कोकरू. संध्याकाळी कळपातून बाजूला झाली, पायानं माती उकरायला लागली, उठबस करायला लागली. पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तेव्हा आठ वाजून गेले असतील. मग नुसतं नाक दिसायला लागलं. पाय दिसत नव्हते. थोरले दीर म्हणाले, "येईल, पहिलीच खेप हाय, येळ लागतो." आम्ही जेवलो. परत आलो तर डोकं पूर्ण बाहेर आलेलं, डोळे बंद, जीभ एका बाजूला लोंबत होती. मेंढी कण्हत होती. मग तिघांनी मिळून ओढलं. डोक्याला धरून, जोर लावून. साडेदहाला कोकरू बाहेर आलं, दोन वेळा आचके दिले, श्वास घेतला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मोकळी झाली बाबा एकदाची," आत्याबाई म्हणाल्या आणि बिरोबाच्या नावानं भंडारा उधळला. कोकराला घोंगडीत ठेवलं. मेंढीनं त्याला हुंगलंसुद्धा नाही, थकून पडून राहिली. आम्हीही झोपलो.

आमच्या घरात अडलेल्या मेंढीची गोष्ट तिथंच संपायची. मेंढी मोकळी झाली म्हणजे काम फत्ते. वाडा, म्हणजे कळपासकट आमचं बिऱ्हाड, दिवाळीनंतर बारामतीकडं हलायचा तेव्हा वाटेतच मेंढ्या व्यायच्या, कोकरं जाळीत घालून घोड्यावर टाकायची आणि पुढं निघायचं. कोण मागं बसून बघणार? जगलं ते आपलं. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर आमचा वाडा बसता झाला. आता माण तालुक्याच्या कडेला, घराशेजारीच, ऐंशी-पंच्याऐंशी मेंढ्या असतात. मृगाच्या पावसावर मेंढे लागतात, पाच महिन्यांनी कार्तिक-मार्गशीर्षात वेत चालू होतं आणि नेमकी थंडी पडायला लागलेली असते. बसून बघायला आता माणूस आहे. ती मी.

डॉक्टरांना मी त्या दिवशी विचारलं होतं, की डोकं तर बाहेर होतं, नाक मोकळं होतं, मग हवा कशी संपली? ते म्हणाले, नाक बाहेर असून उपयोग नसतो, छाती आत चेपलेली असते. श्वास घेता येत नाही. आणि प्रत्येक कळेला नाळेतलं रक्त अडतं. दहा-वीस मिनिटं चालून जातं, पण दीड-दोन तास असं झालं की रक्तात आम्ल साठतं, मेंदूला मार बसतो, ओढाओढीत कधी डोक्यात रक्तस्राव होतो, बरगडी मोडते. बाहेर आलेलं कोकरू जिवंत दिसतं, पण आतून सुन्न असतं. थंडी वाजली तर अंग पेटत नाही. डोकं उचलून सड शोधायची शुद्ध नसते. सूज आलेल्या जिभेनं ओढता येत नाही. आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पोटात गेला नाही तर कोकराकडं रोगाशी लढायला काहीच नसतं, कारण माणसाच्या बाळासारखी ही ताकद मेंढीच्या वारेतून (नाळेच्या दुसऱ्या टोकाला असते ती, व्यायल्यावर पडते) पोटातल्या कोकराला मिळत नाही. जे मिळायचं ते फक्त चिकातून. तेही पहिल्या दिवसातच, पुढं आतडं ती ताकद आत घेणं बंद करतं.

हे कळल्यावर मला रडू आलं, कारण ते कोकरू साडेदहा ते पहाट इतका वेळ आमच्या घोंगडीत होतं. सात तास. त्या सात तासांत कुणीतरी जागं असायला हवं होतं.

पुढच्या हंगामाआधी मी डॉक्टरांच्या मागं लागून शिकले. हात घालायचं काम घरात पुरुषांचं समजत, पण मेंढीच्या वाटेत दिरांचा पंजा जात नाही, जोर करावा लागतो आणि जोर केला की आत फाटतं. माझा हात बारीक आहे. अडचण बांगड्यांची होती. काचेच्या हिरव्या बांगड्या, मनगटाशी घट्ट. हातात चुडा ठेवून आत हात घालता येत नाही, आणि काढा म्हणायची माझी हिंमत नव्हती. सवाष्णीचा रिकामा हात आमच्याकडं बघवत नाही कुणाला. आत्याबाईंनीच एक दिवस मला ओसरीवर बसवलं, उजव्या हाताला साबणाचा फेस लावला आणि एकेक बांगडी अंगठ्याच्या हाडावरून हळूहळू सरकवून काढली. एकही फुटू दिली नाही. सगळ्या एका दोऱ्यात ओवून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "वेत संपलं की घाल." तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर तो दोरा देव्हाऱ्यात जातो आणि होळीच्या आसपास खाली येतो.

हात घालायचा म्हणजे आधी नखं कापून, कोपरापर्यंत धुऊन, हातमोजा आणि भरपूर जेल. पूर्वी आम्ही साबणाच्या पाण्यानं भागवायचो. त्यानं आतला चिकट ओलावा धुऊन जातो आणि वाट कोरडी पडते. धाकट्या जावेला दिवस गेले होते तेव्हा तिला मी वेताच्या वाड्यात पाय टाकू दिला नाही, वार उचलू दिली नाही, मेंढ्यांच्या कामात वापरलेले कपडे धुऊ दिले नाहीत. तिला राग आला, की मला काय विटाळ आहे का. तसं नव्हतं. मेंढ्यांच्या वारेतून आणि गर्भजलातून असे रोग येतात ज्यांनी बाईचा गर्भ पडू शकतो. हे प्रत्येक धनगर घरात माहीत असायला पाहिजे आणि बहुतेक घरांत नसतं, म्हणून इथं लिहिते.

आत हात गेला की डोळ्यांचा उपयोग संपतो, सगळं बोटांनी वाचायचं. पाय लागला तर तो पुढचा की मागचा, हे सांध्यावरून कळतं. खुरापासून वर जाताना पहिले दोन सांधे एकाच दिशेनं वाकत असतील तर पुढचा. उलट दिशांनी वाकत असतील तर मागचा. नीट येणारं कोकरू पाण्यात सूर मारल्यासारखं येतं, दोन्ही हात पुढं आणि त्यावर हनुवटी. काळमुखीच्या वेळी दोन्ही पाय मागं राहिले होते, खांदे अडकले होते. अशा वेळी ओढायचं नसतं. कळ ओसरली की डोकं हलकेच आत ढकलायचं, जागा करायची, मागं राहिलेला खूर आपल्या तळहातात झाकून घ्यायचा म्हणजे पिशवीला टोचत नाही, आणि पुढं आणायचा. मग कळ येईल तेव्हाच, खाली मेंढीच्या मागच्या पायांच्या दिशेनं ओढायचं. मेंढी दाबते तेव्हा ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. हे सगळं आम्हाला त्या रात्री माहीत असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

वेळेचा हिशेबही आता मी घड्याळावर ठेवते. उकरणं, उठबस हे तीन-चार तास चाललं तरी मी हात लावत नाही. पण पाणमोट फुटून, जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढं सरकलं नाही तर बघायचं. आणि पिशवीचं तोंडच उघडलेलं नसेल, दोन बोटं जेमतेम जात असतील, तर मी हात काढते आणि फोन करते. तिथं माझं काम नाही. मागल्या वर्षी अशीच एक मेंढी टेम्पोत घालून आम्ही लांबच्या दवाखान्यात नेली होती. फोनवर "या" म्हणाले होते. पोचलो तर कुलूप. दोन तास दारात बसलो. मेंढी टेम्पोतच गेली, पोटातल्या दोघांसकट. त्या कुलपाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरं कोकरू मी स्वतःच्या हातानं घालवलं, ते सांगायलाच पाहिजे. काळमुखीच्याच हंगामात, एक कोकरू रात्री कधीतरी झालेलं, सकाळी सापडलं. मेंढी बाजूला उभी, हे आडवं पडलेलं, तोंडात बोट घातलं तर आतून गार. तोंड आतून गार लागलं म्हणजे कोकरू फार खाली गेलेलं असतं. मला वाटलं, गरम केलं की उठेल. चुलीजवळ घेऊन बसले, चोळलं, शेकलं. अर्ध्या तासात त्याचं अंग उबदार झालं, मला इतका आनंद झाला. आणि मग त्याला झटके आले, मान मागं वळली आणि गेलं. डॉक्टर म्हणाले, "पाच-सहा तासांपेक्षा जास्त उपाशी असलेल्या कोकराच्या रक्तात साखर उरलेली नसते. गरम केलं की मेंदू जागा होतो आणि साखर मागतो. द्यायला साखर नाही. अशाला आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यायचं, मग शेकायचं." ते इंजेक्शन त्यांनी मला तीन वेळा समोर बसवून शिकवलं, बेंबीच्या जरा खाली आणि बाजूला, सुई मागच्या दिशेनं. कोमट ग्लुकोज, वजनाच्या किलोमागं १० मिलि. आणि नुकतंच जन्मलेलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याची शिदोरी अजून बाकी असते, त्याला आधी पुसून शेकायचं आणि मग चीक. हा क्रम चुकला की प्रेमानं केलेल्या गोष्टीनं जीव जातो.

तेव्हापासून माझ्या कमरेच्या पिशवीत थर्मामीटर असतो. कोकराचं अंग १०२ ते १०४ फॅरनहाइट असायला हवं. १०२ च्या खाली आलं की माझी झोप उडते. ९९ च्या खाली म्हणजे धावपळ.

जी वाचतात त्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. तिसऱ्या वर्षीचं एक होतं, मागल्या पायांनी आलेलं, खूप वेळ अडलेलं. जगलं. पण सड सापडायला त्याला दुपार झाली. चीक उशिरा आणि थोडा गेला. आठव्या दिवशी गुडघा सुजला, गरम झाला, लंगडायला लागलं. नाळेतून शिरलेला रोग सांध्यात उतरतो, तसं झालं होतं. औषधानं उतरलं, पण ते बरोबरीच्या कोकरांच्या मागंच राहिलं. तीन महिन्यांनी त्याच्या वयाची बाकीची १६-१७ किलोची होती, हे ११ वर अडकलेलं. लोणंदच्या बाजारात व्यापाऱ्यानं पाठीवर हात दाबून बघितला आणि मान हलवली. जन्माच्या दोन तासांचा हिशेब तीन महिन्यांनी बाजारात असा पुढं येतो. मेल्या कोकराचा आकडा सगळ्यांना दिसतो, खुरटलेल्याचा कुणी मांडत नाही.

आता बांडी नावाच्या मेंढीच्या रात्रीकडं येते. गेल्या पौषातली.

बांडी नारी सुवर्णा रक्ताच्या मेंढ्याची मुलगी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, आपल्या दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक आणून ही जात तयार केली. गरोळ एवढीशी, चिखलात चरणारी, पण जुळी-तिळी देणारी. आमची दख्खनी चालायला दणकट, पण बहुतेक वेळा एकच कोकरू. या रक्तानं जुळी यायला लागली. घरात आनंद झाला, आणि माझ्या कामात भर पडली. जुळी लहान असतात, त्यामुळं आकारानं अडत नाहीत. ती गुंत्यानं अडतात. आणि लहान कोकराचं अंग लवकर गार पडतं, साठाही कमी असतो.

जुळी पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात चारा वाढवावा लागतो, कोकराची बहुतेक वाढ त्याच काळात होते. सासरे आधी सगळ्यांना सारखाच मका घालायचे. त्यात एकच कोकरू असणाऱ्या मेंढीचं कोकरू मोठं होऊन अडायचं आणि जुळंवाली अर्धपोटी राहायची. आता पोटं बघून, हातानं चाचपून आम्ही दोन खांडं वेगळी करतो. व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगाची, लसही देतो, म्हणजे ती ताकद चिकात उतरते. बांडीला हे सगळं मिळालं होतं. तरी ती अडली.

पाणमोट फुटली तेव्हा रात्रीचे १० वाजून ४० मिनिटं झाली होती. सव्वाअकराला एक नाक आणि दोन खूर दिसले. बघायला अगदी छान, सूर मारल्यासारखं. पण दोन कळा गेल्या, काही हलेना. मी बांगड्याविना असलेला हात धुतला, मोजा चढवला. आमचे हे बॅटरी धरून बसले, आत्याबाईंनी मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं.

एक खूर डोक्याच्याच कोकराचा होता. मी बोट त्याच्यावरून चालवत खांद्यापर्यंत गेले, खांद्यावरून मानेला लागले, बरोबर. दुसऱ्या खुरावरून वर गेले. पहिला सांधा, दुसरा सांधा, आणि दुसरा उलटा वाकलेला. मागचा पाय. दुसऱ्याच कोकराचा. म्हणजे एक सरळ येत होतं, एक उलटं, आणि दोघं एकाच दारात उभी. सरळ येणाऱ्याचा उजवा पाय पोटाखाली मागं गेलेला. मी तसंच ओढलं असतं तर दोघांनाही एकदम ओढलं असतं.

"काय गं?" आत्याबाई.

"दोघं हायती. एकमेकांत."

त्या काही बोलल्या नाहीत. मेंढीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

कळ ओसरली की त्या मागच्या पायाला आत सारायचं, पुढची कळ आली की नुसतं धरून थांबायचं. माझ्या मनगटावर ती कळ अशी आवळायची की बोटं बधिर व्हायची. तीन-चार कळांत तो पाय आत गेला. मग डोकं थोडं मागं, मग उजवा खूर शोधायचा. तो मिळाला, माझ्या मुठीत आला, पुढं आला. बारा वाजून पाच मिनिटांनी पहिलं बाहेर आलं. त्याच्या मागोमाग मी दुसऱ्याचे दोन्ही मागचे पाय धरले आणि थांबले नाही. उलटं येणाऱ्याची कंबर बाहेर आली की नाळ दबते आणि ते आतच श्वास घेऊ बघतं, पाणी छातीत जातं. म्हणून तिथं घाई करायचीच असते. ते सर्रकन आलं, शिंकलं, आणि लगेच बें केलं. एवढंसं, १ किलो ८०० ग्रॅम, पण चपळ. बांडी वळली आणि त्याला चाटायला लागली.

पहिलं मात्र पडूनच होतं. वजन २ किलो ४००. अंगाची लोकर पिवळी पडलेली. हा पिवळा रंग मी आता ओळखते, पोटातच गुदमरून कोकरू शी करतं आणि ती अंगाला लागते. जीभ जाड, निळी, दातांबाहेर. मी नाका-तोंडातला चिकटा बोटानं काढला. छातीवर दोन बोटं ठेवली, धडधड होती. दीर पुढं झाले आणि मागच्या पायांना धरून उलटं गरागरा फिरवायला निघाले, आमच्याकडं पूर्वी तसंच करत. मी हात धरला. तसं केल्यानं जे पाणी पडतं ते बहुतेक पोटातलं असतं, आणि आतड्यांचा भार छातीवर येतो. मी त्याला छातीवर बसवलं, दोन्ही पाय बाजूंना, मान सरळ. गवताची काडी नाकपुडीत घातली. काही नाही. गोणपाटानं बरगड्या खसाखसा चोळल्या. परत काडी. मग ते शिंकलं. अंग आक्रसलं, पोटातून मोठा आवाज आला आणि श्वास आत गेला. आत्याबाई म्हणाल्या, "आलं, आलं." पण या वेळी त्यांनी भंडारा हातात घेतला नाही. माझ्याकडं बघत होत्या, पुढं काय म्हणून.

नाळेला आयोडीन लावलं, दोघांच्याही. दीड वाजता पहिल्याचं तापमान ९७. तोंडात बोट घातलं, ओढत नाही. वय दीड तास, म्हणजे आधी शेक. खोक्यात गवत, वर बल्ब, दोन बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना. फडकं विसरलं तर कातडी भाजते. मी खोक्याशेजारी बसले. बाहेर थंडी मी म्हणत होती, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेल्या मेंढ्यांच्या तोंडातून वाफ दिसत होती. पावणेदोनला ९८. दोनला साडेअठ्ठ्याण्णव. सव्वादोनला शंभर.

आता चीक. बांडीच्या सडांवरचा मळाचा खडा दाबून काढला आणि मधासारखा जाड पिवळा चीक वाटीत पिळला, १२० मिलि. किलोमागं ५० असा पहिल्या वेळचा हिशेब. दुसऱ्यासाठी कासेत राहील एवढं बघितलं. फ्रीजरमध्ये एका मेंढीचा जास्तीचा चीक ठेवलेला असतोच, पण आईचाच मिळाला तर उत्तम. ओढत नसलेल्या कोकराच्या तोंडात चमच्यानं दूध ओतलं तर ते छातीत जातं. त्याला नळी लागते. नळी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून खूण केली, कोमट पाण्यात मऊ केली, तोंडाच्या कडेनं जिभेवरून हळूहळू सोडली. ते गिळत होतं. खोकलं नाही. मानेवर बोट ठेवलं तर श्वासनलिकेच्या शेजारी नळी वेगळी लागत होती. मग सिरिंजचा नुसता नळा लावला आणि चीक आपल्या वजनानं उतरू दिला, दाबला नाही. कोकरू बेशुद्ध असेल तर हे करायचं नसतं, ते डोकं धरून बसू शकत होतं म्हणून केलं.

मग मी बांडीच्या वारेचं पाणी त्याच्या पाठीवर, शेपटीवर चोळलं आणि खोक्यासकट तिच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. मेंढी वासानं आपलं ओळखते, आणि तो वास पक्का व्हायला पहिले काही तासच मिळतात. अडलेल्या मेंढीचे ते तास वेदनेत जातात, म्हणून ती कोकरू टाकते. सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी तिला प्रतिजैविकासोबत दुखण्याचंही इंजेक्शन दिलं, ते मी आग्रहानं द्यायला लावते. दुखणारी आई कोकराला कासेखाली उभं राहू देत नाही.

बांडीनं त्याला हुंगलं. तोंड वळवलं. परत हुंगलं. मग तो बारीक, घशातला आवाज काढला, जो मेंढी फक्त स्वतःच्या नुकत्या जन्मलेल्या कोकरासाठी काढते. एकदा चाटलं. मग कान, मग डोळे.

तीनच्या सुमारास वार पडली. साडेचारला नळीनं अजून चीक दिला. दिवसभरात मिळून जवळपास अर्धा लिटर जायला हवा होता. तापमान १०१. ते अजून पाय पोटाखाली दुमडून बसलेलं. माझे डोळे मिटत होते, आत्याबाईंनी खोक्याजवळ घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, "तू पड. मी बसते." सत्तरीच्या बाईला मी काय सांगणार? पण त्या बसल्या. पाठ भिंतीला टेकवून, एक हात खोक्यात ठेवून.

उठले तेव्हा उजाडलं होतं. आत्याबाई तिथंच होत्या, जाग्या. खोकं रिकामं. माझ्या छातीत धस्स झालं. त्यांनी नुसती मान वाघरीकडं केली.

बांडी उभी होती. एका बाजूला ते चपळ छोटं कासेला लागलेलं. दुसऱ्या बाजूला पिवळ्या डागांचं, पाय फाकवून, डुगडुगत. जीभ अजून जाड होती, सड तोंडातून निसटत होता, ते परत धरत होतं. मी जवळ गेले, थर्मामीटर लावला, १०२.६. मग त्याचा उजवा पुढचा पाय, रात्री मुठीत झाकून बाहेर आणलेला तोच, हळूच उचलला आणि उलटा केला. पिवळी साय झिजली होती. कडेला दोन धागे राहिले होते फक्त, आणि त्यांना माती लागली होती.